पान सदतीस, मागची बाजू

सेतू केंद्राचं शटर ओढते
तेव्हा सातबाऱ्यांचा प्रिंटर अजून कोमट असतो.
टॅबलेट पिशवीत घालून मठीकडे निघते.
वाटेत तुरीच्या शेंगा वाजतात,
बेंबळेला पाणी घोट्याएवढं.

मदनाबाई ओसरीवर, काळ्या वस्त्रात.
दंडवत, म्हणते. दंडवत, म्हणतात.
मोतीबिंदू डोळ्यांत उतरलाय,
आवाजात नाही.
"आली का वं पोथी?"

आली, म्हणजे काय आली.
ती आहे दूर कुठल्याशा देशात, एका थंड खोलीत.
तिथं कुणी तिच्या दोनशे चौदा पानांचे फोटो काढून ठेवले,
आणि आमच्या टॉवरला जीव आला की
एकेक पान वरून खाली उतरतं,
दुकानाचा पडदा सोडावा तसं.

गोष्ट मात्र इथंच राहिली, सगळ्यांना तोंडपाठ:
फौज आली तेव्हा मडक्यात घालून पेवात पुरली,
पेव सापडलं तेव्हा नदीत सोडली,
तीन दिवस तरंगली,
एक अक्षर पुसलं नाही.
शिंप्याचा नथ्थू अजून सांगतो, तीत हंड्यांचा पत्ता आहे.
त्याच्या आज्यानं त्यापायी दोन विहिरी खणल्या,
दोन्ही कोरड्या.

लिपी चोरटी.
एका अक्षराच्या जागी दुसरं बसवलेलं,
धामधुमीत आपली पोरं
शेजारच्या घरी नाव बदलून ठेवावीत, तसं.
मला नुसते आकार दिसतात. मी सांगत जाते:
उलटा विळा. त्यावर टिंब.
मग धुराची रेघ, मधेच तुटलेली.
मग नाल.
"बैलाची का घोड्याची?"
बैलाची. अर्धी.

ओठातल्या ओठात काही जुळवतात,
मला ऐकू येणार नाही इतपत.
किल्ली त्यांना गुरूच्या तोंडून मिळाली,
ती अर्ज भरून देणाऱ्या पोरीला अशी कशी द्यावी.
पण शब्द देतात. एकेक.
"तांदूळ."
बऱ्याच वेळानं, "मूठ."
मग, "कोण्या बाईचे."
अख्ख्या संध्याकाळी दीड ओळ.

समासात बारीक अक्षरात आणखी काही आहे.
तेही सांगते, दोनदा, कारण एक आकार
कसरीनं खाल्लाय.
त्या हसतात. "एथ दीवा सरला, म्हन्ते तो."
थांबून, "पुढं शाई बदलली का?"
बदलली. तांबूस झाली.
"मंग ते दुसऱ्या दिसाचं."

हंडा नाही. नथ्थूला काय सांगू?

पानाच्या काठाशी मोजपट्टी,
रंगांच्या चौकटी, पेंटच्या दुकानातल्या कार्डासारख्या.
आणि खाली कोपऱ्यात, चुकून आलेला,
निळ्या रबरी मोज्यातला अंगठा.
"बाईचा का मान्साचा?"
मोज्यावरून कळत नाही.
"पान धरलं कसं हाये?"
मी नीट पाहते. हलकं. पिलू धरावं तसं.
"मंग राहू दे."

मग ते विचारतात, जे मी टाळत होते.
"भिजली होती का वं?"
डाव्या बाजूनं वर चढलेला डाग आहे,
ओल्या भिंतीवर असतो तसा,
दोन ओळी त्यात विरघळून गेल्यात.
खोटं बोलता आलं असतं.
हो, म्हणाले. भिजली होती.

त्या गप्प. गाय खुंट्याशी वळली.
"बरं झालं," म्हणाल्या.
"साऱ्या जलमभर आइकलं का कोरडी निंगाली.
मले तं भेवच वाटे तिचं."

मग हात पुढे केले. टॅबलेट दिला.
पोथीला टेकवतात तसं त्यांनी कपाळ टेकवलं काचेवर
आणि कपाळाच्या त्या स्पर्शानं
पानं सरकली, किती ते मोजलं नाही,
आणि कोऱ्या पानावर येऊन थांबली.
कोरं, पण मागची शाई झिरपून
उलटी अक्षरं उमटलेलं.

त्यांनी विचारलं नाही कुठलं पान.
मी मागे नेलं नाही.
बॅटरी नऊ टक्के होती.